उभ्यानं लावलेला आवाज

कुरवंड्याचा प्रज्ञेश खाली बूड टेकून बसलेला पाहिलाय, असं छातीवर हात ठेवून सांगणारं माणूस आमच्याकडं मिळणं कठीण. जेवायला बसला तरी उकिडवा, एक टाच उचललेली. जणू ताटातली भाकरी संपायच्या आत कुठंतरी लाईट जाणार आणि यालाच धावावं लागणार. चहा पितो तो दारात उभा राहून. फोनवर बोलतो ते फेऱ्या मारत. बोलणं लांबलं की पार खालच्या विहिरीपर्यंत जातो, आणि फोन ठेवल्यावर आपण इथं कशाला आलो म्हणून इकडंतिकडं बघतो.

वय बत्तीस. आयटीआयत वायरमनचा कोर्स केला, तेवढा पुरा केला. मग तळेगावच्या कारखान्यात लागला. एकाच यंत्रापुढं आठ तास काढायचे होते. पाच महिन्यांत पळाला. मग पर्यटकांची जीप चालवली. एकाच पॉइंटावर दिवसातून सात वेळा जायचं आणि तेच धुकं सातदा दाखवायचं, याचा कंटाळा आला. चावी मालकाच्या हातात दिली. मध्ये काही दिवस तंबूवाल्याकडं खुंट्या ठोकल्या. शेवटी लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एका रिसॉर्टवर वायरमन म्हणून चिकटला आणि तिथं टिकला. टिकला, कारण तिथल्या बेचाळीस खोल्यांत रोज काही ना काही बिघडतं. कुठं गिझर, कुठं पंखा, कुठं बेल. दिवसभर पाय चालू. ते काम त्याच्या डोक्याला आवडलं की नाही ठाऊक नाही, पायांना आवडलं.

बायको मानसी अंगणवाडीत मदतनीस आहे. पंचवीस पोरं एका खोलीत बसवण्याचं काम ती करते, पण हे सव्विसावं तिला बसवता आलं नाही.

प्रज्ञेशचा बाप गोविंदा बेंजो वाजवायचा. टाईपरायटरसारखी बटणं असलेलं, तारांचं वाद्य. रतनबाईच्या गायनपार्टीत तीस वर्षं तो ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताला बसायचा. रतनबाई म्हणजे आमच्या वस्तीतली बाई, आता साठीची. उमेदीची वर्षं लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पाट्यावर चिक्की कापत गेली आणि संध्याकाळी भीमगीतं गात. आवाज गोड नाही. खडी टाकलेल्या रस्त्यासारखा आहे, पण त्यावरून गाडी कुठंही अडत नाही. ढोलकीला तिचा दीर भिमाजी, कीबोर्डला स्वराज नावाचा तरुण, आणि मागं झील धरायला, म्हणजे ओळ उचलून धरायला, दोघी बायका. जयंती, बुद्धपौर्णिमा, विहाराचा वर्धापनदिन, कुणाचं घरभरणं, असे कार्यक्रम मावळभर करत फिरायचं.

गोविंदा वारला तशी ती डाव्या हाताची जागा रिकामी झाली. बेंजो आता कुणी शिकत नाही. दोन-तीन वर्षं पार्टी त्या जागेशिवायच वाजली. मग एक दिवस प्रज्ञेशनं रतनबाईला सांगितलं, की बेंजो मला जमत नाही, पण मी गिटार वाजवतो, ती घेऊन बापाच्या जागी येऊ का. रतनबाईनं हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाली, "जागा बसायची हाय बग." तो हो म्हणाला, आणि पहिल्या दिवसापासून उभा राहिला.

या गिटारीचं मूळ रिसॉर्टात. शनिवारी तिथं पुण्याची पोरं वाजवायला येतात. एका शनिवारी त्यांच्या माईकमधून घूंऽऽ असा आवाज येत होता, म्हणून प्रज्ञेशला बोलावलं. त्यानं बघितलं तर अर्थिंगच मेलेलं. त्यानं खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला, पाणी सोडलं, तार नीट आवळली, आणि घूं बंद. पकड खिशात घालून निघाला, तेवढ्यात मागं त्यांच्या गिटारवाल्यानं, गौरव त्याचं नाव, एक तार छेडली. प्रज्ञेश शिडी खांद्यावर घेऊन तिथंच थांबला. तो थांबला हे सांगण्यासारखं आहे, कारण तो थांबत नाही.

म्हशीच्या धारा काढताना रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तिचा आवाज टणटणीत, पत्र्याचा असतो. चरवी भरत आली की तीच धार जाड वाजते, फेसातून येते, आवाजाला अंग येतं. गौरवची तार तशी भरल्या चरवीत वाजत होती. जोरात मारली की जराशी फाटायची, घोगरी व्हायची. हलकी मारली की पुन्हा स्वच्छ. प्रज्ञेशनं विचारलं तेव्हा कळलं की ही करामत गिटारीची एकटीची नाही. पायाशी एक छोटा हिरवा डबा होता, ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात त्याला. तो आवाज गरम करतो, किंचित फाडतो. तिथून आवाज जातो अँपमध्ये. आणि तो अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या तापून वाजणारा. प्रज्ञेशनं मोबाईल काढला, पेडलच्या तिन्ही बटणांचा आणि अँपच्या पाचही बटणांचा फोटो घेतला आणि निघाला. आपल्या मते काम झालं होतं. स्विचबोर्डाचा फोटो काढला की तसाच बोर्ड दुसरीकडं बसवता येतो. आवाजाचंही तसंच असणार, अशी त्याची वायरमनी समजूत.

गिटार त्यानं पुण्यातून जुनी आणली, मोबाईलवर बघून बापाच्या चाली तिच्यावर काढायला शिकला. एका बंगलेवाल्यानं सामान काढायला घेतलं होतं, त्याच्याकडून व्हॉल्व्हचा अँप मिळाला, कोंबड्यांच्या खुराड्याएवढा आणि वजनाला पोतंभर. हिरवा पेडल कुरियरनं आला. घरी सगळं जोडलं, फोटो बघून बटणं तंतोतंत लावली आणि तार छेडली.

रिकामी चरवी.

त्यावर जर्रर्र असा वेगळाच आवाज. त्यानं पेडल उघडला, बंद केला, वायर बदलली. जर्रर्र जाईना. मानसीनं मांडणीवरची ताटं एकेक करून खाली काढली. चौथं ताट काढल्यावर तो आवाज गेला. एका ठरावीक सुराला तेवढं एक ताट थरथरत होतं. ती म्हणाली, "तुमचा डबा बरा हाय, माजं ताट बिगाडलंय." हा हसला नाही. ताटाचा प्रश्न सुटला होता, चरवीचा नव्हता.

मग सुरू झालं. तारा बदलल्या, जाड लावल्या, पातळ लावल्या. तार छेडायचं पिक बदललं. पेडलची बॅटरी बदलली, मग बॅटरी नको म्हणून अडाप्टर केला, स्वतःच्या हातानं. मोबाईलवर परदेशी माणसं बटणं फिरवून दाखवतात. एक म्हणतो ड्राइव्ह कमी ठेवा, दुसरा म्हणतो पुरता पिळा. प्रज्ञेश दोघांचंही ऐकायचा, एकाच संध्याकाळी. व्हॉल्व्ह तापायला दोन-चार मिनिटं द्यावी लागतात, तेवढाही धीर नाही. थंड्या अँपवर बटणं लावायची आणि तो तापून आवाज बदलला की पुन्हा फिरवायची.

तालीम रतनबाईच्या अंगणात, मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवस मावळायच्या आधी. सतरंजीवर सगळे बसलेले. ढोलकी भिमाजीच्या मांडीशी, कीबोर्ड बुटक्या स्टुलावर, बायका मागं. अँप जमिनीवर, मातीत, ढोलकीच्या डाव्या बाजूला. आणि प्रज्ञेश पडवीच्या खांबाला टेकून उभा. दोन ओळी झाल्या की खांब सोडायचा, वायर ताणत अंगणातल्या फणसाच्या झाडापर्यंत जायचा, परत यायचा. अँपचं तोंड त्याच्या गुडघ्यांकडं. त्याला वरून आवाज बोदा वाटायचा, जाजमाखालून आल्यासारखा. मग वाकून ट्रेबल चढवायचा, म्हणजे आवाजाची धार वाढवायची. उभा राहिला की पुन्हा बोदा. पुन्हा चढवायचा. ड्राइव्हही त्याच्यासोबत वर. मागच्या दोघी बायका पदर कानावरून घ्यायच्या, वारं असो नसो. रतनबाईचं एक कडवं होईस्तोवर याचे तीन आवाज होऊन जायचे.

"बस की रं खाली," रतनबाई दर तालमीला म्हणायची.

"बसतो की मावशी," हा म्हणायचा आणि फणसाकडं निघायचा.

भिमाजी फारसं बोलत नाही. त्याला प्रज्ञेश हे नाव तोंडात बसत नाही म्हणून तो याला वायरमन म्हणतो. ढोलकीचा तो मात्र पक्का. वाजवायच्या आधी अर्धा तास ती मांडीवर घेऊन नुसता बसतो, दोरी ओढतो, बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा थोडी ओढतो. एकदा लागली की कार्यक्रम संपेपर्यंत हात लावत नाही. प्रज्ञेशला ते बघूनच घाम फुटायचा.

दोन वर्षं असं चाललं. मग यंदाची चौदा एप्रिल आली. जयंतीचा कार्यक्रम शिरगावला होता. माणूस मावत नव्हतं. दुसऱ्या गाण्याला प्रज्ञेशनं पेडलवर पाय दिला आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून, खुर्ची उचलून, चार रांगा मागं जाऊन बसली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. रतनबाईला स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून तिनं नरड्याच्या शिरा ताणून गायलं आणि शेवटच्या गाण्याला आवाज पुरता बसला. ते गाणं स्वराजनं कीबोर्डवर ओढून नेलं.

पुढच्या मंगळवारी रतनबाई घशाला फडकं गुंडाळून बसली होती. प्रज्ञेश आला, जयभीम घातला, अँप मांडायला लागला. तिनं हातानं थांबवलं.

"बुद्धपौर्णिमेला सोमाटण्याच्या विहाराचा कारेक्रम हाय," ती म्हणाली. "तितं तुजं वाजणं माज्या आवाजाखाली ऱ्हायलं, तर जागा तुजी. न्हाई ऱ्हायलं, तर त्या दिसापास्नं तू येऊ नकोस. स्वराजच्या पेटीत गिटार हाय, तेच्यावर भागवू आमी."

स्वराज कीबोर्डाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजल्यासारखं करत खाली बघत राहिला.

भिमाजीनं विचारलं, "बेंजो बी हाय का रं त्येच्यात?"

"हाय आबा. समदं हाय. ढोलकी बी हाय."

त्यावर भिमाजीनं ढोलकी जरा मांडीच्या आत ओढून घेतली आणि विषय सोडला.

प्रज्ञेश त्या दिवशी घरी चालत गेला आणि घर मागं टाकून पुढं तासभर चालत राहिला. त्यानं आजवर कामं सोडली होती, हिशेब नाही इतकी. कामानं त्याला कधी सोडलं नव्हतं. सोडण्याची घाई नेहमी याचीच असायची. बापाची जागा ही एकच अशी होती, जिथून निघायची त्याला घाई नव्हती; आणि तिथं तो एक दिवसही बसला नव्हता. मानसीला त्यानं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मंग काय, सोडताय का तुमीच आदी?" पण त्यानं सोडलं नाही, एवढं खरं.

शनिवारी तो गौरवला गाठायला गेला. पुण्याची पोरं बँड मांडत होती. यानं आपली सगळी कहाणी उभ्याउभ्या सांगितली, फोटो दाखवला, की बटणं तुमच्यासारखीच लावतो आणि आवाज मात्र पत्र्यासारखा येतो. गौरवनं फोटो बघून हसू दाबलं. तो म्हणाला, "दादा, हा माझा त्या दिवशीचा, त्या जागेचा फोटो आहे. उद्या दुसरीकडं वाजवलं तर माझीच बटणं वेगळी असतात. तुम्ही ड्राइव्ह फार ठेवताय. ड्राइव्ह अगदी खाली आणा, लेव्हल वाढवा. पेडलनं आवाज फाडायचा नसतो, अँपला मागून ढकलायचं असतं. अँपचा व्हॉल्यूम मोकळा सोडा, त्याच्या नळ्यांना काम करू द्या. आणि दुसरं म्हणजे, अँप तुम्ही..."

तेवढ्यात प्रज्ञेशचा फोन वाजला. सतरा नंबरच्या गिझरमधून पाणी गळत होतं. "आलोच," म्हणून तो पळाला. गिझर वीस मिनिटांचं काम. पण त्यानंतर तेवीस नंबरची बेल, मग लॉनवरचा दिवा. परत आला तर बँड सुरू झाला होता. दुसरं काय ते राहिलंच. त्याला वाटलं, महत्त्वाचं ते तर आधीच सांगून झालं.

पुढच्या तालमींना त्यानं ड्राइव्ह उतरवला. आवाज जरा सुधारला, बायकांचे पदर खांद्यावर आले. पण खांबाशी उभं राहिल्यावर पुन्हा तो बोदेपणा ऐकू आला आणि हात ट्रेबलकडं गेलाच. दोन तालमींत सगळं पुन्हा होतं तिथं. मानसीनं नखाला लावायच्या लाल रंगाचे ठिपके बटणांवर दिले, म्हणाली, "ह्येच्या म्होरं न्ह्यायचं न्हाई." शुक्रवारी त्यानं ठिपके ओलांडले. मग ठिपक्यांच्या पुढं स्वतःच दुसरे ठिपके दिले.

बुद्धपौर्णिमा आली. मे महिना, ऊन असं की सोमाटण्याच्या चौकातलं डांबर चपलेला धरत होतं. जुन्या हायवेवरून ट्रक चाललेले. विहारासमोर मैदान; कार्यक्रम पाच वाजता. पार्टी चारला पोचली आणि प्रज्ञेशनं स्टेज बघितलं.

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर फळ्या टाकलेल्या. मागच्या बाजूला टेबल, पांढरं कापड, त्यावर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, फुलं, मेणबत्त्या. त्यापुढं जेमतेम सतरंजीभर जागा. विहार कमिटीचे निवृत्ती गुरुजी, रिटायर झालेले मास्तर, स्टेजखाली हात मागं बांधून उभे होते. त्यांनी सगळ्यांना जयभीम घातला आणि एकच गोष्ट सांगितली, की स्टेजवर कुणी उभं राहायचं नाही. मूर्ती आणि तसबीर शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. हा त्यांच्याकडचा जुना नियम होता. खुर्ची, टेबल, पेटारा, काहीही मध्ये उंच ठेवायचं नाही.

प्रज्ञेश म्हणाला, "गुर्जी, मी कडंला उभा ऱ्हातो."

"कड हाये कुटं?" गुरुजी म्हणाले.

कड नव्हती. एका बाजूला स्पीकरचे खांब, दुसऱ्या बाजूला ट्रॉलीची धार. तो खाली मैदानात उभा राहतो म्हणाला, वायर पुरेना. सगळे बसले. भिमाजीनं चुंबळ मांडली, म्हणजे ढोलकी टेकवायची कापडाची गुंडाळी, तिच्यावर ढोलकी ठेवली आणि दोरी ओढायला लागला. त्याच्या डाव्या हाताला सतरंजीचा हातभर तुकडा मोकळा. मागं अँप. प्रज्ञेशनं मांडी घातली. गुडघे एवढे वर आले की गिटार त्यांवर मावेना. दोनदा मांडी बदलली. अँप त्याच्या खांद्याला लागून, त्याचं तोंड सरळ याच्या कानाशी. अँप तापला होता, कारण भिमाजीची ढोलकी लागेपर्यंत कुणी काही करू शकत नव्हतं. यानं पेडलवर हाताचा अंगठा दाबला आणि तारा छेडल्या.

कानात सायकलची तार घुसल्यासारखं झालं. त्यानं दचकून मागं बघितलं. मग स्वराजकडं बघितलं.

"ह्ये माजं वाजलं?"

"तुमचंच."

"कदीपास्नं आसं वाजतंय?"

स्वराजनं जरा आठवून बघितलं. "पयल्यापास्नं."

प्रज्ञेशनं कान आणखी जवळ नेला. त्यानं पुन्हा एकदा छेडलं, हळू. तीच तार, तोच सुळा. मागच्या दोघी बायकांचे हात सवयीनं पदराकडं गेले. दोन वर्षं ही माणसं खाली बसून हे ऐकत होती आणि तो वर, खांबाशी, फणसाशी, आवाज बोदा आहे म्हणून धार लावत होता.

"मंग सांगायचं न्हाई का?" तो भिमाजीला म्हणाला.

भिमाजीचं लक्ष दोरीत होतं. "आमाला वाटलं, तुला आसाच पायजे," तो म्हणाला.

पाचला बारा मिनिटं कमी होती. मैदानात माणसं येऊन बसायला लागली होती. प्रज्ञेशनं आठही बटणं खाली आणली, ठिपक्यांकडं बघितलंच नाही. या वेळी कान जागेवर होता. आधी अँपचा आवाज मोकळा सोडला, नळ्या जराशा गुरगुरेपर्यंत. ट्रेबल थोडा उचलला, सुई टोचायला लागली तसा मागं घेतला. ड्राइव्ह घड्याळात काटा आठावर असतो तेवढाच. लेव्हल पुरती वर. छेडलं. आवाजाला अंग आलं होतं, पण खाली कुठंतरी घुमत होता.

"आबा, जरा ठेका धरा की."

भिमाजीनं धरला. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि गिटारीचा घुमारा एकाच जागी धक्काबुक्की करत होते. प्रज्ञेशनं बेस उतरवला, आणखी उतरवला. ढोलकी मोकळी झाली. आता रतनबाईनं माईक हातात घेतला आणि शब्द न घेता नुसता सूर धरला. माईक लागतोय का तेच बघायला, दुसरं काही नाही. तिचा खडीचा आवाज आला आणि गिटार त्याखालून निघाली. यानं एक बटण केसभर मागं घेतलं. मग दुसऱ्याकडं हात गेला, आणखी जरा बघावं म्हणून.

"हात," भिमाजी म्हणाला.

हात गिटारीवर परत आला.

पहिलं गाणं प्रज्ञेशनं भीत भीत काढलं, तारांना नुसता स्पर्श करत. दुसऱ्यालाही जपूनच. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. तिच्या खुर्चीकडं याचा एक डोळा सारखा होता. खुर्ची हलली नाही. मधेच मैदानात धुप धुप असा आवाज यायला लागला आणि निवृत्ती गुरुजी स्पीकरकडं बघायला लागले. आवाज स्पीकरचा नव्हता. मांडी मोडून प्रज्ञेशनं एक पाय पुढं घेतला होता आणि त्याची टाच फळीवर नाचत होती. तो धक्का फळीतून ढोलकीपुढच्या माईकात जात होता. भिमाजीनं ठेका न सोडता मोकळ्या पायानं ढोलकीखालची चुंबळ ओढून काढली आणि त्या टाचेखाली सरकवली. ढोलकी त्यानं मांडीवर घेतली.

तिसरं गाणं रतनबाईचं स्वतःचं होतं, तिच्या आईवर रचलेलं. छप्पन साली आई कडेवर थोरलं पोर घेऊन कुरवंड्याहून खंडाळ्याच्या स्टेशनापर्यंत चालत गेली, नागपूरची वाट धरायला, आणि परत आली ती नवी होऊन, अशी गोष्ट. बायका ते गाणं मागून घेतात. रतनबाई ते नेहमी एका दमात गाते, मध्ये कुणाला शिरू देत नाही. गोविंदा असताना तिसऱ्या कडव्यानंतर ती बेंजोला जागा सोडायची. तो गेल्यावर ती जागा तिनं शब्दांनी भरून टाकली होती.

तिसरं कडवं संपलं. तिनं माईक खाली घेतला आणि डावीकडं मान वळवली.

प्रज्ञेशनं तार जोरात मारली. पहिला घाव थोडा फाटला, मग जाड झाला, फेसासारखा वर येत गेला. हलकं मारलं तसा निवळला. बटणाला हात लावायची गरज नव्हती. सगळं उजव्या हाताच्या वजनात होतं. आठ मात्रांचे चार फेरे त्यानं वाजवले, फार काही करामत न करता, जवळपास बाप वाजवायचा तेच. पुढच्या रांगेतली म्हातारी मान हलवत होती, कानावर हात नव्हते. मग रतनबाईनं माईक उचलला आणि चौथं कडवं घेतलं. आवाज ताणावा लागला नाही.

कार्यक्रम संपल्यावर खीर झाली. रतनबाईनं खिरीची वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, शुक्रवारी येळेवर ये. त्याची जागा ठरली ती एवढ्यावर. प्रज्ञेशनं खीर उभ्यानं खाल्ली.

टेम्पोतून परत येताना त्यानं मोबाईल काढला आणि तो जुना फोटो मोठा करून बघितला. दोन वर्षांत शंभरदा बघितला असेल, पण बघितली होती ती बटणं. आता खालच्या कोपऱ्यात त्याला एक पांढरा तुकडा दिसला. प्लास्टिकच्या खुर्चीचा हात होता तो. गौरवचा अँप खुर्चीवर मागं रेलून ठेवलेला होता, तोंड उभ्या माणसाच्या कानाकडं. "दुसरं म्हणजे" काय ते आता कळलं. कार्यक्रम ऐकायला आलेली मानसी शेजारी होती, तिला त्यानं मोबाईल दाखवला. ती म्हणाली, "गिझर गळाला नसता तर दोन आठवडं आदी कळलं असतं." प्रज्ञेशचा चेहरा एकदम उजळला, आणि मानसीला तेवढ्यावरून धास्ती वाटली.

शुक्रवारी रतनबाईच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. भिमाजीच्या डाव्या हाताला तिनं एक पोतं चौपदरी घालून ठेवलं होतं. प्रज्ञेश आला तो डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन. खुर्ची त्यानं पोत्यामागं ठेवली, तिच्यावर अँप मागं रेलून चढवला, हलत नाही ना बघितलं, नळ्या तापेपर्यंत दोनदा फणसापर्यंत जाऊन आला. मग तारा छेडल्या. आवाज भरल्या चरवीचा होता, आणि तो खांबाला टेकून उभा होता.

रतनबाईनं आधी खुर्चीतल्या अँपकडं बघितलं, मग याच्याकडं.

"डबा बसला," ती म्हणाली. "तू कदी बसायचा?"

"बसतो की मावशी."

भिमाजीनं ढोलकी लावता लावता, वर न बघता, चुंबळ त्याच्या पायाकडं फेकली. प्रज्ञेशनं ती टाचेखाली घेतली. रतनबाईनं सूर धरला.